नमद्याचे थर

सोमवारी सकाळी, उणे एकतीस.
टेकडीवरच्या वस्तीत धूर वर जात नाही,
कुंपणांमधून हिंडत राहतो, वाट चुकलेल्या वासरासारखा.
माझ्या हातात शीतपेटी.
शहराबाहेरच्या माणसांना हसू येतं नावाचं :
या दिवसांत आम्ही तिच्यात गरम पाण्याच्या पिशव्या ठेवतो,
लस गोठू नये म्हणून.

ओचिरच्या गेरमध्ये शिरताना
उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे मला सांगावं लागत नाही.
आत एकच खोली, आणि ती गोल.
कुणाला रुसून कोपऱ्यात बसायचं म्हटलं तरी कोपरा नाही.
मधोमध चूल, भोवती तीन पलंग,
पाच माणसं, पाच नाकं,
आणि एकच हवा, जी रात्रभर
याच्याकडून त्याच्याकडे जाते
दुधाच्या चहाच्या वाडग्यासारखी.

मागच्या हिवाळ्यात बाळ नव्हतं.
तेव्हा चार ओळी होत्या माझ्या वहीत
आणि आठ दिवसांत चारही लाल.
आधी अनार, शाळेतून,
मग आई, मग बाप, मग दाम्बा आजोबा,
ज्यांना मी गाडीत घालून नेलं
आणि एकवीस दिवसांनी परत आणलं,
अर्धे.

या शरदात तिघांनी दंड पुढे केले.
आजोबांनी डोळे मिटून,
अनारने उघडे ठेवून,
सोयोलमाने बाळाला पाजता पाजता.
ओचिर म्हणाला, बस सुटायची वेळ झाली.
बाळ चार महिन्यांचं. त्याच्या वयाला अजून सुई नाही.
त्याच्यासाठी जे काही करायचं
ते इतरांच्या दंडात करायचं.

मग व्हायचं ते झालं.
शंभर प्रवाशांचं तिकीट फाडणारा ओचिर
एकशे एकावा घेऊन घरी आला.
मंगळवारी त्याला ताप. शुक्रवारी सोयोलमाला.
अनारला एक दिवस शिंका, तेवढंच.
मी सगळ्यांच्या नाकात कापूस फिरवला,
नळ्यांवर नावं लिहिली,
बोटं इतकी गारठली की अक्षरं म्हातारी झाली.

ओचिर ब्लँकेटमधून म्हणाला,
"तिने तर घेतली होती. मग तिला कशी झाली?"
मी विचारलं, "गेरला यंदा नमद्याचे थर किती?"
"दोन. उत्तरेकडून तीन."
"तरी वारा येतो?"
"येतो."
पुढे मी काही विचारलं नाही.
त्यानेही काही सांगितलं नाही.
उठला, आणि दारापाशी वाकून
फटीत जुनी गोधडी कोंबू लागला.

खरं सांगायचं तर
एका घरावरून काहीच सिद्ध होत नाही.
कदाचित यंदाचा विषाणूच मवाळ असेल,
कदाचित सोयोलमाने तोंड बांधून पाजलं म्हणून,
कदाचित नुसतं नशीब.
म्हणून तर मी दोनशे घरं हिंडते,
म्हणून तर या वह्या.
पण रात्री, बेरीज करण्याआधी,
मला ती एक साखळी दिसते :
बापाकडून आईकडे आलेली,
आईपाशी थकलेली,
आणि पलंगाच्या कडेला,
पाळण्यापासून हातभर अंतरावर,
संपलेली.

न झालेल्या गोष्टीला आवाज नसतो.
न आलेला खोकला कुणी ऐकत नाही,
न निघालेल्या गाडीला कुणी हात दाखवत नाही.
माझ्या वहीत त्याला एक खूण आहे फक्त.
बाळाच्या ओळीत मी शून्य काढलं :
आजोबांच्या ओळीतही.
वर पाहिलं, तर छताच्या गोल झरोक्यातून
तेवढंच निळं आभाळ.

निघताना आजोबांनी आरूलचा एक खडा हातावर ठेवला.
दगडासारखा तो सुकलेला दह्याचा तुकडा
गालात धरून मी चौथ्या घरापर्यंत चालले.
तो विरघळला नव्हता.
दार वाजवण्याआधीच आतून ऐकू आलं :
एक मोठा खोकला,
थांबून, दोन लहान.
मी मुखपट्टी नाकावर ओढली,
पेटीतलं पाणी अजून कोमट आहे का पाहिलं.