नमुना क्रमांक तीन

फेब्रुवारी. टाक्यांच्या पोलादी अंगावर दव साचलंय.
टेबलावर तीन पेले, तिन्हींत शेनिन.
खुंट एकच, डॉगरिज,
काड्याही एकाच मातृवेलीच्या,
ओल्या गोणपाटात गुंडाळून एकाच टेम्पोतून आलेल्या.
मला माहीत आहे, कारण मागच्या हौद्यात मीही होते,
काड्यांना टेकून. नोकरीचा दुसरा दिवस.

पहिला मोहाडीचा.
नाक जवळ नेलं की पेरू, हिरवा,
चिरल्या क्षणाचा,
मीठ अजून डब्यातच आहे तेव्हाचा.

दुसरा चांदोरीचा. नदीकाठची काळी जमीन,
पोटभर जेवलेली वेल.
पपई, मध, जिभेवर ऐसपैस बसणं.
डिसेंबरात पारा चारावर गेला होता,
रात्रभर बागेत शेकोट्या पेटवल्या,
त्या धुराचं काहीतरी तळाशी आहे असं मला वाटतं.
कडलग सर म्हणतात,
वाटतं ते वहीत लिहायचं नाही.

तिसरा दोडीच्या माळावरचा.
हातभर मुरूम, खाली कातळ, वर नुसता वारा.
घड एवढेसे की क्रेट भरता भरेना.
याचं नाव मला पटकन सापडत नाही.
लिंबाची साल, नखात अडकलेली.
आणि ओल्या फडक्यानं पुसलेली पाटी,
अक्षरं गेलेली, वास राहिलेला.

सोनीबाई भोये वाईन पीत नाही.
पेठहून तोडणीला येते, तिन्ही बागा फिरते,
मणी तोंडात टाकते, बी दाताखाली फोडते,
कुरकुरलं की म्हणते, आता तोडा.
परवा मी डोळे मिटायला लावून एक मणी दिला.
तिनं बी थुंकलं, हसली.
"ही माळावरची. हिला पाणी मागायची सवय नाय."
माझ्या यंत्रात ब्रिक्स तेवीस दिसत होतं.
तेवढंच दिसत होतं.

सर फ्रान्सला जाऊन आलेत.
तिकडे हीच म्हणे एका नदीकाठी असते,
पिकायला ऑक्टोबर उजाडतो,
बाटलीत वीस-वीस वर्षं गप्प बसते.
हिवाळा तिला झोपवतो तिकडे.
इकडे ती झोपतच नाही,
वर्षातून दोनदा कात्री लावून सांगावं लागतं,
बाई, नवं वर्ष लागलं.

दुपारी मुंबईच्या ऑफिसचा फोन.
तिन्ही एकत्र करा, गिऱ्हाईकाला दर वर्षी तीच चव लागते.
मी मापं काढली,
मोहाडी साठ, चांदोरी पस्तीस,
माळ पाच.
पाच कशाला, सरांनी विचारलं, टाकीच मोकळी करायची तर करा.
मी पाचाविना एक पेला दिला, पाचासकट एक.
त्यांनी दोन्ही प्यायले, चष्मा काढला,
आणि वहीत काहीच लिहिलं नाही.
पाच राहिले.

गंगापूर रोडला राहून मला सहा वर्षं झाली.
"व्हतं"चं "होतं" झालं, कधी ते कळलं नाही.
पण भावाचा फोन आला, तो बोअरवेलवरून भांडायला लागला,
की माझ्या तोंडून जे निघतं
ते ऐकून शेजारचं टेबल मान वळवतं.
"आता तं तू बोलूच नको!"
मग दोघंही हसतो, आणि बोअरवेल राहते तिथेच.

संध्याकाळी लेबलांचे गठ्ठे आले.
एकच शब्द, सोनेरी: नाशिक.
खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

मी माळावरची एक बाटली वेगळी भरली,
चिकटपट्टीवर पेनानं लिहिलं, न. क्र. ३, दोडी,
आणि खालच्या फळीवर आसवाच्या डब्यांमागे ठेवली.
कुणासाठी, ते ठरलं नाही.
पेले धुतले, दोन.
तिसरा तसाच पालथा घातला,
उद्या बघू.