तोळ्याच्या आत

सराफ बाजारात बत्तीस वर्षांत
मी एकच शिकलो: जड तेवढं महाग.
हेमांगीने तो रॉकेटचा संच माझ्या काट्याशेजारी ठेवला
आणि म्हणाली, बाबा, इथे उलटं असतं.
मोटार सगळ्यांना सारखीच.
जो हलका, तो जास्त वेळ वर राहतो.

पेटीत बोटाएवढी कागदी नळी,
पोकळ टोक, सुताची गुंडी,
आणि बाल्साची एक फळी,
जिला लाकूड म्हणायला जीभ कचरते.

रात्री शटर अर्धं ओढून बसायचो.
दागिन्याला लावतो त्याच पॉलिश पेपरने पंख घासायचो.
आमच्या दुकानाचा केरसुद्धा विकत जातो,
झारेकरी नेतो, धुतो, त्यातून रवा काढतो.
ही धूळ हेमांगीने फुंकली
ती खाली आलीच नाही.

गोंदाचा थेंब: एक गुंज.
टाचणीच्या टोकाने लावला तर पाव.
रंग नको, रंगाला वजन असतं.
नाव?
काट्याला विचारलं. तो हलला.
मग पेन्सिलीने नुसता ह.
ज्या गुलाबी कागदात गिऱ्हाइकाला डाग गुंडाळून देतो
त्याचीच लांब पट्टी कापली,
इस्त्रीने घड्या पाडल्या, नळीत भरली.
पाच ग्रॅम सातशे मिली.
अर्धा तोळासुद्धा नाही, निमाई,
मी आमच्या कारागिराला मिरवून दाखवलं.
तो फुंकणी खाली न ठेवता म्हणाला,
शेठ, हीण नाही घातलं?

म्हसरूळच्या पुढचा माळ. रविवार, कानटोप्या.
पहिल्या उड्डाणात दोन माणसं उंचीवरच पंख तुटला,
रॉकेट गरगरलं
आणि कुणी पेटती विडी भिरकवावी तसं गवतात पडलं.
हेमांगी रडली नाही.
तिने तुटका पंख शोधून आणला, उन्हात धरला.
कडेतून तिचं बोट दिसत होतं.
तो पंख मी घासलेला.
शेवटची गुंज कमी करायची हाव माझी.

घरी बोललो नाही कुणाशी.
चोखाची अंगठी वाकते, हे मी
किती नवऱ्यामुलांच्या बापांना समजावलं असेल.

दुसऱ्याला पंखांच्या मुळाशी
डाक द्यावा तसा गोंदाचा बारीक वळ ओढला.
सहा ग्रॅम शंभर.
वाढलेलं वजन आयुष्यात पहिल्यांदा टोचलं.

तीन, दोन, एक,
मांजरपाट फाडल्यासारखा आवाज,
आणि मग काहीच नाही. मी टोकाकडे बघत राहिलो,
टोक केव्हाच तिथे नव्हतं.
ती बघा, हेमांगी ओरडली.
एक गुलाबी रेघ.

बाकीच्यांची मिनिटाच्या आत उतरली होती.
आमची उतरेना.
नांगरलेल्या काळ्या वावरावरून गरम हवा उठत होती,
तिच्यात एक घार आधीच फिरत होती.
तिने पट्टीकडे पाहिलं असावं,
एक फेरी तिने जवळून घेतली.
देवरे मॅडम दुर्बीण लावून म्हणत होत्या,
आहे.
आहे.
आहे अजून.
मग बराच वेळ गप्प. मग,
गेलं. आणि घड्याळाचा खटका.
चार मिनिटं अकरा सेकंद.

पोरं हेमांगीला उचलत होती
आणि मी द्राक्षबागांच्या दिशेने चालत सुटलेला.
बाबा, ते परत नाही आणलं तरी चालतं,
दिसेनासं झालं की वेळ धरतात, पुरी धरतात!
मला ऐकू येत होतं.
पण माल दुकानाबाहेर गेला होता,
पावती नव्हती,
आणि मी तारेच्या कुंपणाशी उभा राहून
एका अनोळखी बागाईतदाराला विचारत होतो,
तुमच्याकडे काही पडलंय का,
फार हलकं आहे हो,
पडलेलं कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक चांदोरीच्या बाई.
बोरमाळ मोडायला आणलेली.
ती पारड्यात ठेवली,
आणि आकडा वाचायच्या आधी
मी सवयीने
तिच्यावर हळूच फुंकर मारली.
बाई माझ्याकडे बघत राहिल्या.