दार

पियानो विकून लामाराने लोखंडी दार घेतलं.
ज्या चौघांनी पियानो जिन्यावरून खाली नेला
त्यांनीच दार वर आणलं.
तिबिलिसीत त्या हिवाळ्यात
वीज दोन तास यायची,
वेल्डर त्या दोन तासांचे दुप्पट घ्यायचा.

तीन कड्या. आडवा गज. माशाच्या डोळ्याएवढं भिंग.

वरच्या मजल्यावरचा ओतार
सतरा वर्षं आत काढून आलेला, सगळ्यांना ठाऊक.
तिने त्यालाच बोलावलं: बघा जरा.
त्याने बिजागरीवर बोट फिरवलं,
कुलपाशी कान नेला,
आजाऱ्याच्या छातीशी न्यावा तसा.
"चोख आहे. मी असतो तर
इकडे फिरकलोच नसतो."

मग स्वयंपाकघरात गेला,
खिडकीची खिट्टी नखाने उचलली,
बाहेरची द्राक्षवेल हलवून पाहिली.
"हिने माझं वजन पेललं असतं.
अजूनही पेलेल. तोडा."

चहा पिताना तो भिंतीकडे बघत होता.
पियानोमागचा रंग तेवढा नवाकोरा.
"एक काळी पट्टी अडकायची तुमची,"
म्हणाला, "संध्याकाळी."

खिट्टी तिने दुसऱ्याच दिवशी बदलली.
वेलीचं, म्हणाली,
मार्चमध्ये बघू.