प्रश्न सव्वीस

खानापूर, स्टेशन रोड, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
सहा ते आठ, बँकेच्या परीक्षेचा वर्ग.
फळ्यावर मी दोन वाक्यं लिहितो, मध्ये बोटभर जागा सोडतो.
लिहितो इंग्रजीत, अर्थ एवढाच:
भट्टी विझली
माणसं घरी गेली
दोन्ही आपापल्या पायांवर उभी.
सांगा, मधल्या जागेत काय बसेल?

कॉमा, म्हणते रेणुका हुंदरे.
कॉमा नाही, म्हणतो मी, आठवड्यातून तिसऱ्यांदा.
कॉमाच्या अंगात तेवढं बळ नाही.
दोन धडधाकट वाक्यं त्याच्या एका शेपटीला बांधलीस
तर मार्क जाईल, वर पाव मार्क दंड.
फुलस्टॉप दे.
नाहीतर सेमीकोलन दे.
नाहीतर कॉमाच देणार असशील तर सोबतीला
एखादा 'आणि' दे, 'पण' दे,
एकट्याला पाठवू नकोस.

मागच्या बाकावरून बसवराज:
सर, आमच्यात 'मत्तु' म्हणतात, ते चालतंय काय?
वर्ग हसतो, मीही.
पेपर इंग्रजीत, आणि इथल्या तेविसांपैकी
एकाच्याही चुलीवर ती भाषा शिजत नाही.
तेवढ्यापुरते सगळे एका रांगेत.

'तथापि' आला की मात्र पोरं जागी होतात.
त्याच्या पुढे सेमीकोलन लागतो, मागे कॉमा.
मंत्र्यागत, म्हणतो अल्ताफ,
पुढं एक गाडी, मागं एक गाडी, मध्ये साहेब झोपलेला.
अल्ताफचं हे कधी चुकणार नाही आता.

रेणुकाचं चुकतं.
वहीच्या कडेला ती कौलं काढत बसते,
एकावर एक, तिरपी.
बाप कौलांच्या कारखान्यात होता, कारखाना होता तोवर.
एकदा म्हणाली, सर, कौलाला सिमेंट नसतंय,
खिळा नसतोय,
एक दुसऱ्यावर नुसतं अर्धं टेकतंय,
तरी पाणी आत येत नाही की.
मी म्हणालो, खरं आहे.
आणि उत्तर तरीही सी.

तिची आई बाजारात भेटली, मिरच्यांच्या ढिगाशी.
पोरगी वाचूलीय रात्रभर, मधीच लाईट जातीय,
मी कंदील धरतोय, तिचा बा काय बोलत नाही,
बघत बसतोय, तुमचं लक्ष असू दे सर,
मिरची घ्या की थोडी, घरचीच हाय,
मी सवयीनं मनातल्या मनात लाल पेन उघडून उभा,
आणि तिच्या बोलण्यात
टेकवायला कुठे जागाच सापडेना.
मिरच्या घेतल्या. पाव किलो.

रविवारी परीक्षा, हुबळीत.
मी वर्गाचा फळा पुसला, उगाच पुन्हा पुसला.
त्या दोन वाक्यांच्या मधली जागा
खडूनं कधीच न भरल्यासारखी, पांढुरकी.
पावणेसातला मेसेज आला:

सर पेपर झाला, सव्वीसला सेमीकोलन दिलं,
बस अळणावरात बंद पडलीय, आईचा फोन लागत नाही,
तेवढं सांगा घरी, भूक लागलीय

सहा वाक्यं, पाच कॉमा, शेवटी काही नाही.
मोजले मी. मोजणारच.
उत्तरात लिहायला घेतलं, बरोबर, शाब्बास,
मग तेही खोडलं.

दिवा मालवला, किल्ली खाली झेरॉक्सवाल्याला दिली,
वडापावच्या गाडीवरून दोन बांधून घेतले, कुणासाठी ते ठाऊक नाही,
मलप्रभेच्या पुलावर गार वारा होता,
पलीकडं गल्लीत कुणीतरी कन्नडमधून गाईला शिव्या देत होतं,
हुंदऱ्यांचं घर शेवटचं,
कौलं नीट बसलेली,
दार उघडंच होतं, तिचा बाप उंबऱ्यात उभा होता,
मी म्हणालो, येतीय ती,
तो सरकला, मी आत गेलो,