काळी वायर

मोटार गेली, असं मीच म्हणालो होतो.
बोनेट उघडून दोन मिनिटंही झाली नव्हती.
फोर्तुनातो तिकोनाने मान हलवली
आणि गुरुवारच्या बाजारातून आणली दुसरी,
जुनीच, तीनशे बोलिव्हियानोंची.
गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन बसला होता,
दवाखान्यात तापलेलं मूल घेऊन बसावं तसा.

नेमेसियाबाईंनी गोणपाटाकडे पाहिलंही नाही.
"चढावर तापते, की थांबल्यावर?"
थांबल्यावर, तो म्हणाला.
चौकात मिनीबसच्या रांगेत काटा वर जातो,
गाडी पळू लागली की उतरतो.
"म्हणजे वारा लागला की बरी असते."

एल आल्तोत पाणी उतावळं.
उघड्या भांड्यात सत्त्याऐंशीलाच उकळी फुटते त्याला.
म्हणून आधी झाकणाचं रबर बघायचं,
आणि गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही.
बाईंच्या मनगटावर एक गुलाबी चकती आहे.
ती कशाची, हे मी कधी विचारलं नाही.

इंजिन बंद. पातं बोटाने ढकललं.
फिरलं, कुरकुर न करता.
"अडत नाही. पुढे?"
पुढचं मला येत नव्हतं.
त्यांनी प्लग उपटला,
बॅटरीपासून दोन वायरी थेट मोटारीला लावल्या
आणि पंखा असा उसळला
की ओरुरोच्या रस्त्याची सगळी धूळ माझ्या तोंडावर.
"मेलेल्या मानाने बराच दम आहे," बाई म्हणाल्या.

फ्यूज उजेडात धरला. आतली तार अखंड.
रिले टक् वाजला.
"टक् म्हणजे नुसती हजेरी. काम झालं का, ते दिव्याला विचार."
टेस्टचा दिवा: एक टोक लाल पिनेवर,
दुसरं बॅटरीच्या काळ्या टोकावर. पेटला.
मग तेच दुसरं टोक प्लगच्याच काळ्या पिनेवर.
अंधार.
परत लावून पाहिलं. अंधारच.

"लाल वायर आणून देते आहे," बाई म्हणाल्या,
"काळी परत नेत नाही.
करंट येतोय रे, अर्थ लागत नाहीये."

काळ्या वायरीमागे बोट सरकवत गेलो,
हेडलाइटच्या पाठीमागे, चिखलाच्या पापुद्र्यांतून,
चॅसीवरच्या एका बोल्टपर्यंत.
बोल्टखाली रंग. निळा, जाड, नवा.
फोर्तुनातोने टोपी काढून हातात घेतली.
ऑगस्टात कोपाकबानाला नेली होती, तो म्हणाला,
आशीर्वादाला. बोनेटवर फुलं, चाकांवर बिअर.
आधी घरीच रंगवली, बोल्ट काढून काढून,
इंचभर जागा सोडली नाही.
देवीपुढे मळकी कशी न्यायची?

बाई हसल्या नाहीत.
मला पॉलिशपेपर दिला.
नाण्याएवढी जागा पांढरी होईपर्यंत घासली,
बोल्ट आवळला, वरून ग्रीसचं बोट.

इंजिन सुरू केलं. तिघेही काट्याकडे बघत उभे.
बाहेर कुणीतरी बटाट्याची पोती उतरवत होतं.
कुणी बोलेना.
नव्वदीच्या पुढे काटा जरा सरकला
आणि पंखा आपणहून लागला.

मग बाईंनी गोणपाट उघडलं.
त्याच दोन वायरी. काही नाही.
हातोडीच्या दांड्याने टिचकी मारली,
अर्धा फेरा फिरून ती थांबली. पुन्हा टिचकी, पाव फेरा.
फोर्तुनातो माझ्याकडे बघत नव्हता,
तेच जास्त लागलं.
"कागदाचे वीस," बाई त्याला म्हणाल्या,
"आणि ही मोटार तीनशेला मी घेते."
त्याने पैसे दोनदा मोजले, गेला.
"मी म्हणजे तू," त्या वायरी गुंडाळत म्हणाल्या.
"दर शनिवारी वीस."

रात्री खोलीत ती मोटार उघडली.
आतले कार्बन नखाएवढे झिजलेले.
नवे आणले, तासले, बसवले.
आता ती फिरते. खाटेखाली असते.
नऊ शनिवार झाले, सहा उरलेत.
काल एक बाई आली, म्हणाली, गाडी तापते,
पंखाच गेलाय ना?
मी म्हणालो, थांबल्यावर, की चढावर?