इंजिन थंड असताना

रविवार, सकाळी साडेसात. बॉनेट उघडून काठी लावली.
काल संध्याकाळपासून गाडी जागची हलवलेली नाही,
गरम इंजिनातून प्लग काढले तर आटेही सुटून येतात
असं इनास म्हणाला.
इनास म्हणजे शेजारचा तारवटी,
एकतीस वर्षं जहाजांच्या पोटात काढून
आता कुंपणाच्या चिऱ्यांवर कोपरं टेकून उभा राहतो
आणि न विचारता सांगतो.

"वायरींक खुणा कर, बाय. एक, दोन, तीन.
अदलाबदल जाली तर गाडी खोंकतली."
मी डॉक्टरी चिकटपट्टी लावली, वर बॉलपेनने आकडे.
घरात तीच होती. भरपूर होती.

सायकलच्या पंपाने खळग्यातली धूळ उडवली:
लाल माती, एक मेलेला मुंगळा, आंब्याचा सुकलेला मोहोर.
आत काही पडू नये.
आत पडलेलं काढता येत नाही.

सोळा नंबरचा लांब पाना.
पहिला कुरकुरत सुटला, दुसरा सहज.
तिसरा हलेना.
पान्यावर पाईप चढवून मी जोर लावणार
तेवढ्यात इनास ओरडला,
"ना, ना! दोन थेंबे तेल सोड आनी चा पिवन यो."
मग चहा. तेल आपल्या गतीने मुरत होतं.
खाली धक्क्यावर फेरीबोटीची लोखंडी फळी आपटली.
परत येऊन पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे,
निघतो निघतो म्हणत बसलेला पाहुणा उठावा
तसा तो उठला.

तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर मांडले
(पुण्यतिथींचे फोटो होते म्हणून आधी पान उलटलं).
इनासने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.
"प्लग वाचूंक येता तुका?"
नीट जळलेला प्लग दुधाच्या कॉफीच्या रंगाचा असतो.
हे काळे, मऊ,
काजळासाठी दिव्यावर धरलेल्या वाटीसारखे.
"पयस वचना ही गाडी. घर, बाजार, परत घर.
तापचे पयलींच बंद करता तूं तिका."

गेल्या आषाढापर्यंत हीच गाडी
सोमवार, बुधवार, शुक्रवार
पहाटेच्या फेरीने रायबंदरला उतरून बांबोळीला जायची.
भाई शेजारी. वडिलांना आम्ही भाई म्हणायचो.
फेरीत इंजिन बंद करायचं असतं.
ते काच खाली करून मांडवीकडे बघत बसायचे,
एवढ्या पाण्याच्या मधोमध
दिवसाला तीन पेले पाण्याची मुभा असलेले.
बांबोळीचा चढ लागला की म्हणायचे,
गिअर उतरव, तिला दम लागतोय,
आणि हात स्वतःच्या छातीवर.

नंतर मासळी, गॅस, एकदा विजेचं बिल.
कुणाला सांगितलं नव्हतं मी.
प्लगांनी लिहून ठेवलं होतं.

नवे प्लग. गेजची पाती फटीतून सरकवली,
जेमतेम अडावी इतकंच अंतर हवं.
फार जवळ, तर ठिणगी अशक्त.
फार लांब, तर उडतच नाही.
यावर इनास काहीतरी बोलणार होता,
बायकोबद्दल असावं,
दोन वर्षं झाली ती स्विंडनला लेकाकडे आहे.
बोलला नाही.

रबरी नळीच्या तोंडात प्लग अडकवून
बोटांनी फिरवत बसवायचा.
वाकडे लागलेले आटे बोटांना कळतात, पान्याला नाही.
टेकला की मग पाना. अर्धा फेरा. बास.

चावी फिरवली. नुसती घरघर.
पुन्हा फिरवली.
इनास डोळे मिटून ऐकत राहिला, जहाजात ऐकत असेल तसा.
"तिनूय मारतात," म्हणाला.
"आतां व्हर तिका खंय तरी. पयस."
"खंय?"
त्याने नुसती नदीच्या बाजूला हनुवटी केली.

फेरीच्या रांगेत माझी चौथी गाडी.
साबणाने धुऊनही नखांत काळं राहिलंय.
फेरीवाला हाताने बोलावतो,
अजून पुढे, अजून, पुरे.
इंजिन बंद केलं.
शेजारची सीट मागे झुकवलेलीच आहे.
पलीकडे वाकून, हँडल फिरवत,
त्या बाजूची काच खाली केली.