बरोबरचं चिन्ह

फळ्यावर शनिवारचं गणित तसंच राहिलं होतं:
अठ्ठेचाळीस भागिले सहा, बरोबर,
आणि पुढे रिकामी जागा.
केंद्राध्यक्ष म्हणाले, पुसा ते, उगाच कोणी हरकत घेईल.
डस्टर सापडला नाही.

चौथी ब, काजुपाडा, कुर्ला पश्चिम.
एरवी मी इथे शिकवते. आज शाई लावते.
डाव्या हाताची तर्जनी,
नखाच्या वरून पहिल्या सांध्यापर्यंत एक रेघ.
सकाळी सातपासून नुसती बोटं:
चुना लागलेलं, कांद्याच्या वासाचं,
अंगठी रुतून बसलेलं,
आणि एक इतकं थरथरणारं
की पेन्सिल धरायला शिकवताना धरते
तसं धरून ठेवावं लागलं.

नाल्यापलीकडच्या टॉवरमधले देढिया शेठ
रांगेत बारावे. इतका वेळ उभं राहायची सवय नाही,
म्हणून बोलके झालेले.
"मी वर्षाला जेवढा टॅक्स भरतो ना,
तेवढ्यात ही शाळा दोनदा रंगवून होईल.
आणि मत एक. यांचंही एक.
माणसं सारखी असती तर समजू शकलो असतो."

कोणी उत्तर दिलं नाही.
'यांचंही' म्हणजे जे होते
ते पंख्याखालची जागा शोधत होते.
मीही बाटलीचं बूच लावत बसले.
खोटं काय बोलला माणूस? सारखी कुठे आहेत?
माझ्या पटावरच बघा,
एकीला सतराचा पाढा उलटा येतो,
एक जण खिचडीचा वास आला की जागा होतो.

मग खरटमल आले. गोपीनाथ सुदाम.
साकीनाक्याला पॉवर प्रेस, दोन्ही हात एकदम डायखाली.
मनगटापुढे काही नाही.
सही करता का म्हटलं, तर दोन थोटकांत पेन धरून
त्यांनी अख्खं नाव लिहिलं, वेलांट्यांसकट.

माझ्या हातात शाईची काडी. बोट नाही.
हस्तपुस्तिका उघडली.
तर्जनी नसेल तर डाव्या हाताचं दुसरं बोट.
तेही नसेल तर उजव्या हाताचं.
एकही नसेल तर
हाताचं जे टोक उरलं असेल, त्यावर.

कुणीतरी, कुठल्याशा कचेरीत, टेबलाशी बसून
हा माणूस येणार हे आधीच धरून चाललं होतं.

मी मनगटावर रेघ ओढली.
ते म्हणाले, "भरपाईच्या वेळी वकिलाने तक्ता दाखवला होता.
अंगठ्याचे इतके टक्के, करंगळीचे इतके,
नुसतं टोक गेलं तर इतके.
माझे बेरीज करून शंभर भरले.
आयुष्यात तेवढ्याच एका पेपरात शंभरपैकी शंभर."
मग जरा वाकून, हळूच:
"मॅडम, इथे मत अख्खं ना?"

सोबतीला माणूस घ्या म्हटलं, नको म्हणाले.
पुठ्ठ्याआड गेले. कोपर लावलं की थोटूक, दिसलं नाही.
बीप आली.
शेठच्या वेळी आली होती तेवढीच लांब.

मुलांना वाटतं, ते चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा'.
दर जूनमध्ये सांगते,
अरे, ती तराजूची दांडी आहे.
दोन बाजूंना वेगवेगळं दिसतं म्हणून तर मांडायची.
आठ बरोबर आठ लिहायला
शाळा कशाला हवी?

संध्याकाळी लाखेने सील करताना पाहिलं,
रिकाम्या जागेत कोणीतरी
आधी ९ लिहून, बोटाने खोडून, ८ केलं होतं.
दिवसभरात नऊशे सात माणसं येऊन गेली.
कोण ते सांगता येत नाही.

रात्री मोरीत घासघासून हात धुतले.
दहाही बोटं जांभळी.
नवरा म्हणाला, किती वेळा केलंस मतदान?
एकदाही नाही.
टपाली मताचा अर्ज परत आला होता माझा.
सही करायची राहिली होती.